‘छान’ असा शेरा

बाई, तुम्हाला काही सांगायचं राहिलंय असं वाटून लिहायला बसलो. काष्टीच्या शाळेत तुम्ही सातवीला गणित शिकवायचात. शनिवारी सकाळची शाळा असायची, बाहेर बाजाराला जाणाऱ्या बैलांचे आणि टेम्पोंचे आवाज यायचे, आणि शेवटची दहा मिनिटं तुम्ही सगळ्यांना वहीचं मागचं पान उघडायला लावायचात. त्या पानावर उत्तरं लिहायची नाहीत, फक्त काय अडलं ते लिहायचं. मी वर्गात हुशार होतो, म्हणून दर शनिवारी एकच वाक्य लिहायचो : काही अडलं नाही. जूनपासून दिवाळीपर्यंत तुम्ही ते चालवून घेतलंत.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी तुम्ही मला फळ्याशी बोलावता. सहाशे बारा भागिले सहा. मी झरझर एकशे दोन लिहितो. तुम्ही विचारता, ‘‘मधे शून्य का दिलंस?’’ मी म्हणतो, ‘‘द्यायचं असतं.’’ मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘‘लई हुशार हाय त्यो, बाई,’’ आणि सगळा वर्ग हसतो. तुम्ही हसला नाहीत. ‘‘येतंय तुला, पण कळलेलं नाही. तसं लिही,’’ एवढंच म्हणालात. त्या दिवशी मागच्या पानावर मला लिहावं लागलं : शून्य का देतात ते मला माहीत नाही. मला तुमचा फार राग आला. घरी कुणाला सांगितलं नाही. सोमवारी तुम्ही ज्वारीच्या धाटाच्या बारा काड्या माझ्यापुढे ठेवल्यात, दहांचा एक गठ्ठा बांधलेला आणि दोन सुट्या. शेकडे वाटून झाले असं समज, म्हणालात, आता हा गठ्ठा न सोडता सहा जणांत वाट. वाटता येईना. प्रत्येकाच्या वाट्याला एकही गठ्ठा आला नाही, हे लिहायलाच ते शून्य होतं. गठ्ठा सोडून बारा काड्या दोन-दोन वाटल्या तेव्हा राग गेला होता की नाही, ते आता नक्की आठवत नाही. कळलं होतं, हे मात्र आठवतं.

मी आता सावेडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या वर्षी आमच्याकडे ‘माझे शिकणे’ नावाची वही सुरू झाली. मुलांनी दर आठवड्याला काय शिकलो, काय अवघड गेलं ते लिहायचं, शिक्षकांनी शेरा द्यायचा. कल्पना नवी आहे, असं प्रशिक्षणात सांगितलं गेलं. साठ वह्या असतात. मी त्या मधल्या सुट्टीत घेऊन बसायचो आणि प्रत्येक पानाखाली ‘छान’ लिहून सही करायचो. मुलांच्या ते लगेच लक्षात आलं असणार, कारण त्यांचीही वाक्यं एकसारखी होत गेली. मग एका मुलीने लिहिलं, ‘‘या आठवड्यात मी पुरणपोळी शिकले. सर वाचत नाहीत.’’ त्याखालीही माझं ‘छान’ होतं, तारखेसकट.

वही वर्गभर फिरली आणि तशीच पर्यवेक्षिकांच्या टेबलावर गेली. मुलीने माफी लिहून द्यावी आणि वडिलांना घेऊन यावं, असं ठरलं. ठरत होतं तेव्हा मी तिथेच उभा होतो. दुसऱ्या दिवशी वडील आले. रिक्षा चालवतात, खाकी शर्टावरच आले होते. मुलगी त्यांच्या मागे उभी होती. ते मला म्हणाले, ‘‘सर, पोरीचं चुकलं आसंल तर मी सांगतो तिला. पन ती म्हनती, तुमी वाचतच न्हाई. खरं हाय का ते?’’ पर्यवेक्षिका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, ‘‘खरं आहे.’’ मग मी म्हणालो की माफी लागणार नाही, चूक माझी आहे. वडिलांनी मान हलवली आणि मुलीला म्हणाले, ‘‘जा वर्गात.’’ पर्यवेक्षिका मला जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. त्यांचं बरंचसं बरोबर होतं.

त्याच तासाला मी वर्गात तिला विचारलं, ‘‘खरंच काय अडलंय तुझं?’’ ती उठली. चिडलेलीच होती. म्हणाली, ‘‘आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली का उलटं दिसत नाही?’’ एकवीस वर्षं मी परावर्तन शिकवतोय. मी फळ्यावर तिचा प्रश्न लिहिला आणि खाली लिहिलं, मला माहीत नाही. आता कुणी हसलं नाही. स्टाफरूममधला आरसा काढून आणला. मुलं एकेक करून समोर उभी राहिली, हात वर केला, खिडकीकडे बोट दाखवलं, दाराकडे दाखवलं. तिसऱ्या दिवशी तीच मुलगी सरळ आरशाकडे बोट रोखून उभी होती, आणि आरशातलं बोट तिच्यावर रोखलेलं होतं. ‘‘सर, खिडकीकडचा हात आरशातही खिडकीकडंच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘आरसा डावं-उजवं उलटं करतच नाही. पुढचं मागं करतो.’’ तिने ते वहीत लिहिलं. मी दोनदा वाचलं आणि खाली एक प्रश्न लिहिला. शेरा दिला नाही.

आता मी आठवड्याला पंधराच वह्या घेतो, पण वाचतो. काही मुलं अजूनही काही अडलं नाही असंच लिहितात. त्यांना कधी बोलवायचं, हे मला तुमच्यासारखं जमत नाही. कधी घाई होते, कधी वर्ष संपतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, त्यामुळे एक गोष्ट सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा मी श्रीगोंद्यातच होतो, एका लग्नाला. अंत्यविधीचा फोन आला. काष्टीपर्यंत गाडीवर वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. परीक्षेचं काम निघालं, असं मी सगळ्यांना सांगितलं. काम काही नव्हतं. मी जेवायला बसलो होतो, आणि उठलो नाही.