डिकीतून आलेल्या साठ सिस्टर

ओहायो,
ऑक्टोबर, सोमवार सकाळ

प्रिय लिओनी,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याची वेगळी चौकशी. तो दुखत असेल तर तू पुन्हा चर्चच्या पायऱ्या पुसायला गेली होतीस, आणि दुखत नसेल तर डॉक्टरच्या गोळ्या दुप्पट घेते आहेस. मला दोन्ही पसंत नाही. इकडे सर्व क्षेम. बेरेनिस मजेत आहे (तू तिला अजून 'बिचारी पोर' म्हणतेस; त्या बिचाऱ्या पोरीला आता दोन हनुवट्या आहेत). जावई व्हर्जिल बोलत नाही, म्हणजे तोही मजेतच असावा. केपटाऊनला आपल्या रिट्रीट वस्तीतल्या सगळ्या शेजारपाजाऱ्यांना माझी आठवण सांग. जिला सांगायची नाही ती कोण, हे तुला ठाऊक आहे.

आता मुख्य गोष्ट. मी परत येते आहे. बेरेनिस म्हणते, मम्मीने इथेच कायमचे राहावे, कागदपत्रांचे व्हर्जिल बघेल. पण मी नाताळच्या आत घरी पोचणार, हे तू पक्के धरून चाल. माझी गादी उन्हात घाल, आणि माझी पाठ वळल्यावर माझ्या खोलीत तू जे काही रचून ठेवले असशील (नाही म्हणू नकोस, तू रांगत होतीस तेव्हापासून मी तुला ओळखते) ते उचल. कारण सांगते. अमेरिकेत मला कुणी वाईट वागवत नाही. वाईट वागवले असते तर मी राहिलेही असते, भांडणाने माझी तब्येत सुधारते. पण इथे मी कुणीच नाही, हे खरे दुखणे आहे. आपल्याकडे वेदीवर कोणती फुले ठेवायची हे मी ठरवत असे. कार्नेशन घेऊन आलेल्या बाईकडे मी नुसते बघितले तरी ती आल्या पावली परत जाई. इथे सेंट गुडुला चर्चमध्ये पहिल्या रविवारी मी पुढून तिसऱ्या बाकावर बसले, तर एका गृहस्थाने हसत हसत सांगितले की हा आमच्या घरचा बाक. मी मागे सरकले. तो दुसऱ्या कुणाच्या आजोबांचा निघाला. अशी सरकत सरकत मी शेवटी खांबाआड पोचले. तिथून फादर ड्वायर फक्त डाव्या बाजूने दिसतात. उजव्या बाजूने ते कसे आहेत याची मला काहीच कल्पना नव्हती. मिस्साची प्रार्थना झाल्यावर प्रत्येक जण 'कशा आहात?' असे विचारतो आणि उत्तर न ऐकता आपल्या गाडीकडे चालू लागतो. एकदा एका बाईच्या मागे मागे जाऊन मी तिला माझ्या रक्तदाबाचे सगळे सांगितले. ती आता दुसऱ्या दाराने बाहेर पडते.

राहिले आपले लोक. इथल्या दक्षिण आफ्रिकेच्या मंडळींचा एक गट आहे. महिन्यातून एकदा याच चर्चच्या मागच्या आवारात निखाऱ्यावर मांस भाजतात. पुरुष हातात चिमटे घेऊन आगीभोवती उभे राहतात आणि आपला देश कसा चालवायला हवा ते सांगतात (चालवायला परत कुणी जात नाही). या गटाची सगळी सूत्रे हेस्टर व्हॅन श्काल्कविक या बाईंच्या हातात. ब्लूमफाँटेनची, आफ्रिकान्स बोलणारी, डच रिफॉर्म्ड पंथाची (म्हणजे आपल्यासारखी कॅथलिक नाही), उंचीने दाराएवढी, आणि आवाज असा की घरात फोन कशाला घेतला हेच कळत नाही. ऑक्टोबरात चर्चमध्ये 'देशोदेशींचा रविवार' असतो. मिस्सा झाल्यावर हॉलमध्ये प्रत्येक देशाचे एक टेबल, त्यावर झेंडा आणि तिकडचा खाऊ. हेस्टरने कुणाला न विचारता जाहीर करून टाकले की आपल्या टेबलावर तिच्या हातचे कुकसिस्टर असतील. म्हणजे ती वेणी घातलेली, तळून बर्फगार पाकात टाकलेली, चावताना कवळी हलेल अशी कुरकुरीत वस्तू! लिओनी, आपण जन्मभर रविवारी सकाळी खाल्ल्या त्या कूसिस्टर. गुबगुबीत, मऊ, पोटात वेलची, बडीशेप, दालचिनी आणि संत्र्याची वाळवलेली साल, गरम पाकात डुंबून खोबऱ्यात लोळलेल्या. नावात एका अक्षराचा फरक आणि चवीत जमीनअस्मानाचा. मी तिला शांतपणे (बेरेनिस म्हणते, शांतपणे नाही) सांगितले की दक्षिण आफ्रिका म्हणजे काही तुमच्या माहेरची वेणी नव्हे.

"टेबल एकच आहे हो, मिसेस अरेंडसे," ती म्हणाली. "आणि माझं ठरलंय. तुम्ही असं करा, कागदी नॅपकिन आणा."

नॅपकिन! लिओनी, आपली आई वर बसून हे ऐकत होती.

मी घरी आले आणि टोपीही न काढता थेट चर्चच्या कचेरीत फोन लावला. तिथे मिसेस वांडा ग्रॅबोस्की बसतात. चर्चचे साप्ताहिक पत्रक त्याच काढतात आणि बाहेरच्या फलकावर अक्षरेही त्याच लावतात. आता, निवृत्त होईपर्यंत माझी सगळी नोकरी केपटाऊनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, आणि त्याआधी कॉन्व्हेंटात मदर सुपीरियरने माझ्या दातांत बूच धरायला लावून माझे उच्चार घासूनपुसून लख्ख केले होते. वादळात सापडलेल्या जहाजांच्या कप्तानांना माझे बोलणे पहिल्या खेपेला समजत असे. तेव्हा चूक कुणाची हे तूच ठरव. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे देते.

"मिसेस ग्रॅबोस्की, देशोदेशींच्या रविवारी मी केपच्या कूसिस्टर आणणार आहे. नोंद करून ठेवा."

"केपच्या सिस्टर? खरंच? किती?"

"साठ."

मग अगदी हळू आवाजात, "साठ? अहो, आमच्याकडे कित्येक वर्षांत एकसुद्धा नवी आली नाही."

"दिसतंच आहे ते. म्हणून तर आणतेय."

"आणि उतरणार कुठे त्या?"

(मला वाटले, पीठ रात्रभर फुगवायला कुठे ठेवणार असे विचारते आहे.) "शनिवारची रात्र माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात. ओळीने निजवायच्या आणि वरून स्वच्छ पांढरं कापड घालायचं."

"जमिनीवर?"

"छे! टेबलावर."

"चर्चपर्यंत बस लागेल ना? मी व्यवस्था..."

"कशाला? जावयाच्या गाडीच्या डिकीत येतील. दाटीवाटीने बसल्या की हलत नाहीत."

"काय साधं राहणं हे!" ती म्हणाली. "आणि तरी आनंदी असतात?"

"इतक्या गोड असतात, मिसेस ग्रॅबोस्की, की एकीवर कुणाचं भागत नाही."

बाई रडू लागल्या. मला वाटले, गोडाची फारच शौकीन दिसते. मधुमेहामुळे बंद असेल बिचारीचे.

नंतर मी आठवडाभर घराबाहेर पडले नाही. शनिवारी पीठ मळून रात्रभर फुगवले, रविवारी पहाटे कूसिस्टर तळल्या, पाकातून काढून खोबऱ्यात घोळवल्या, एका मोठ्या डब्यात भरल्या आणि निघालो. चर्चच्या वळणावर व्हर्जिलने करकचून ब्रेक दाबला आणि चक्क बोलला. "मम्मी, या कोण?" म्हणाला. बाहेरच्या फलकावर हातभर अक्षरांत लिहिले होते: केपहून आलेल्या साठ सिस्टर्सचे सहर्ष स्वागत! बेरेनिसने वाचले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"मम्मीने फोनवर नक्की काय सांगितलं?" तिने मला विचारले.

"कूसिस्टर."

"आणि ती खायची वस्तू असते, हे मम्मीने सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? भाकरी खातात असं कुणी सांगतं का?"

"इथल्या लोकांना सिस्टर म्हणजे फक्त धर्मभगिनी माहीत आहेत, मम्मी! बाईने साठ धर्मभगिनींना निमंत्रण दिलंय!"

व्हर्जिल म्हणाला, घरी जाऊ. मी म्हणाले, साठ कूसिस्टर तळल्यावर अरेंडसे घराण्यातली बाई घरी जात नाही. पण खरे सांगते, डबा हातात घेतला तेव्हा मी मागच्या दाराकडे एकदा बघून घेतले. कुणीच नसलेली बाई एक वेळ खांबाआड बसून राहू शकते. अख्ख्या गावाला फसवणारी बाई बसू शकत नाही.

आत जाऊन पाहते तो पुढचे सगळे बाक पांढऱ्या फिती बांधून राखून ठेवलेले. ज्यांनी ज्यांनी मला आपल्या घरच्या बाकावरून उठवले होते ते सगळे सहकुटुंब भिंतीला टेकून उभे (मला आनंद झाला नाही, असे मी म्हणणार नाही). आणि पहिल्या बाकाच्या टोकाला सिस्टर क्लोटिल्डा. या चर्चची ही शेवटची धर्मभगिनी, ऐंशीच्या पुढची. बाजूला जुना आठ खोल्यांचा मठ आहे, त्यात एकटी राहते. एरवी राखाडी स्वेटरमध्ये फिरते, पण त्या दिवशी तिने पेटीतून जुना काळा झगा काढून, इस्त्री करून, डोक्यावरच्या वस्त्रासकट घातला होता. आणि शेजारची रिकामी जागा कुणी घेऊ नये म्हणून त्या जागेवर हात ठेवून बसली होती. लिओनी, माझा सगळा राग त्या हातापाशी संपला.

फादर वेदीवरून मोठ्याने म्हणाले, "मिसेस अरेंडसे, पाहुण्या कुठवर आल्यात?" साऱ्या माना वळल्या. मी मधल्या वाटेने सरळ पुढे गेले. मदर सुपीरियर म्हणत असे, पोरींनो, खाली बघून पुटपुटायचे नाही, गुन्हा कबूल करतानासुद्धा शब्द पूर्ण उच्चारायचा. म्हणून शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असे मी म्हणाले, "फादर, सिस्टर या डब्यात आहेत." आणि झाकण उघडले.

मग ऑर्गनच्या मागून मिसेस ग्रॅबोस्कींचा बारीक आवाज आला, "साठच्या साठ?"

"एकोणसाठ," मी म्हणाले. "एक जावयाने गाडीत खाल्ली."

सिस्टर क्लोटिल्डा काठी टेकत उठली. डब्यात वाकून बघितले. एक उचलली, आणि मिस्साआधीच्या उपासाचे सगळे नियम बाजूला ठेवून वेदीसमोर उभ्याउभ्या पूर्ण खाल्ली. काळ्या झग्यावर खोबरे सांडले. "माझ्या मठात राहायला येणार होत्या त्या याच का?" तिने विचारले. मी म्हटले, "होय, सिस्टर. माफ करा." ती हसायला लागली ती इतकी की फादरनी तिला धरले. "बरंच झालं गं बाई," म्हणाली, "माझ्याकडे न्हाणीघर एकच आहे."

मग काय विचारतेस! भिंतीपासचे लोक हसले, गायनवृंद हसला, फादर डोळे पुसू लागले (उजव्या बाजूनेही बरे आहेत, गालाला खळी पडते). फिती बांधल्याच आहेत तर बसायचे कुणी, असा प्रश्न निघाला, तेव्हा सिस्टर क्लोटिल्डा म्हणाली, "ज्यांनी पाहुण्या आणल्या, त्यांनी." आणि आपल्या गटातल्या सगळ्यांना मागून पुढे आणवले. मला तिने आपल्या हाताखालची जागा दिली, आणि माझ्या पलीकडे कोण यावे? हेस्टर! तिच्या डच रिफॉर्म्ड पूर्वजांनी एकजात थडग्यात कूस बदलली असेल. आपल्याकडे एके काळी ती गोरी म्हणून तिचा बाक वेगळा होता आणि माझा वेगळा, वर पाटी लावून. इथे एकाच पांढऱ्या फितीत आम्ही दोघी. तिलाही तेच आठवले असावे, कारण ती काही बोलली नाही, आणि हेस्टर बोलत नाही म्हणजे काय ते तुला तिला भेटल्याशिवाय कळणार नाही. शेवटी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मला तुमच्यातलं काही येत नाही. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, खुणावत राहा बाई." मी कोपराने खुणावत राहिले. एकदा विनाकारणही तिला गुडघे टेकायला लावले. त्या नॅपकिनबद्दल.

हॉलमध्ये आमचे टेबल सगळ्यात आधी रिकामे झाले. तिची वेणीही मी चाखली, केवळ सौजन्य म्हणून. मग दुसरी खाल्ली, पहिलीबद्दल मत पक्के करायला. वाईट नाही. (हे वाक्य वाचून झाल्यावर पत्राचा एवढा भाग फाडून चुलीत घाल.) आणि ऐक, एका बाईने मला विचारले, "कशा आहात?" आणि ती थांबली.

तरीही एका रविवारच्या कौतुकाने हुरळून जाण्याचे माझे वय नाही. माझा निर्णय वर कळवला आहेच. गुडघ्याला जप, पायऱ्यांना दुसरे कुणी आहे.

तुझी थोरली बहीण,
अर्सुला

ता. क. गादी उन्हात घातली असलीस तर उचलून आत ने. एवढी घाई नाही. सिस्टर क्लोटिल्डाने फर्मान काढले आहे की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कूसिस्टर हव्यात, आणि त्यासाठी मठाच्या स्वयंपाकघराची किल्ली मला दिली आहे. शिवाय इथेही एक बाई वेदीवर कार्नेशन ठेवते. मी तिच्याकडे अजून नुसते बघितलेले नाही, पण बघायला कुणीतरी हवे.

आणखी ता. क. संत्र्याची वाळवलेली साल भरपूर पाठव. इथल्या संत्र्यांना मेण फासलेले असते. आणि कोपऱ्यावरच्या मिसेस लाटेगनकडून वेणीवाल्या कुकसिस्टरची कृती काढून घे. तुला स्वतःला हवी आहे असे सांग. माझे नाव घेतलेस तर मी तुझी बहीण नाही.

शेवटचा ता. क. वरची साल टपालाने पाठवू नकोस. तूच घेऊन ये. साठ कूसिस्टर एकटीच्या मनगटाला झेपत नाहीत, आणि तू तिकडे पायऱ्या पुसत असताना मी इकडे पुढच्या बाकावर बसले तर माझे प्रार्थनेत मन लागत नाही. मठात सात खोल्या रिकाम्या आहेत आणि सिस्टर क्लोटिल्डाला रात्री पत्ते खेळायला जोडीदार हवा आहे. विमानतळावर हेस्टर न्यायला येईल, आवाजावरून ओळखशील. नाताळला ये, मग परत जायचे की नाही ते आपण दोघी मिळून ठरवू. मी आज सकाळीच कचेरीत जाऊन मिसेस ग्रॅबोस्कींना समोरासमोर, एकेक अक्षर सुटे करून सांगितले, "माझी सिस्टर केपटाऊनहून येते आहे." त्यांनी पेन उचलले, माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि विचारले, "किती डझन?"