आधी सोवळं, मग ओवळं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (एका हातात चहाचा कप आहे, तेव्हा तूर्त सात अंगांचाच धर, आठवं चहा संपल्यावर.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की त्यांना कंटाळून त्यानेच घर सोडलं? मी मजेत आहे. वजन वाढलंय, केस कमी झालेत, बेरीज तीच. तू पाठवलेला स्थळाचा फोटो पोचला. बाई चांगल्या दिसतात. पण बघायला यायचं काही जमणार नाही, काम फार आहे. कसलं मेलं काम, असं तू विचारशीलच (न विचारलंस तरी मी सांगणारच), म्हणून सविस्तर लिहितो.

मी नक्की काय करतो हे इतक्या वर्षांत तुला समजलेलं नाही, आणि भाऊजी तर चारचौघांत मला किड्यांचा डॉक्टर म्हणतात. ताई, तो किडा नव्हे, कोळी. जाळं विणणारा नव्हे. खसखशीच्या दाण्यापुढेही चिल्लर वाटेल एवढा. पंख नाहीत, वारा नेईल तिकडे जातो. पण जाताना एका तुरीवरचा विषाणू दुसरीवर नेऊन पोचवतो. त्याने जो रोग होतो त्याला शेतकरी वांझ रोग म्हणतात. नाव ऐकवत नाही, पण रोग त्याहून वाईट. झाड मरत नाही. हिरवंगार राहतं, पालवी फुटत राहते, बघणाऱ्याला वाटतं काय झोकात आहे! फूल मात्र धरत नाही, मग शेंग कुठली? (हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस. ते माझं नाव घेऊन हसतील.)

आमच्याकडे दोन काचघरं आहेत. एकात निरोगी रोपं वाढवतात, दुसऱ्यात त्यांना मुद्दाम रोग लावतात, कुठलं वाण टिकतं ते बघायला. पहिल्याला आम्ही सोवळं म्हणतो, दुसऱ्याला ओवळं. नियम एकच. सोवळ्यातून ओवळ्यात खुशाल जा, पण ओवळ्यात पाऊल टाकलं की त्या दिवशी सोवळ्यात परत जायचं नाही, कारण कपड्यांवर, केसांत बसून कोळी येतात. घरी जाऊन अंघोळ, धुतलेले कपडे, मग दुसऱ्या सकाळी माणूस पुन्हा शुद्ध. मी ओवळ्यातला. रोगट पान घ्यायचं आणि कोवळ्या रोपाच्या पानाला स्टेपलरने टाचायचं; रोगट पान सुकायला लागलं की कोळी रांगत रांगत ताज्या पानावर जातात. दिवसभर हेच. पोटासाठी माणूस काय काय करतो!

सोवळ्यात एक बाई आहेत. (झालं, बसलीस सावरून.) तसं काही नाही, कामाचा भाग म्हणून सांगतो. रोज संध्याकाळी आपलं काम आवरलं की त्या रोपांचे ट्रे घेऊन ओवळ्यात यायच्या. त्यांना येता येतं, मला जाता येत नाही. ट्रे ठेवायचा, पाणी किती घालायचं ते सांगायचं, पानं दुखावू नका म्हणून बजावायचं आणि निघायचं. एवढंच. पण एवढ्यासाठी मी दुपारपासून भांग पाडत असे. (जो काही उरलाय तो.)

एकदा त्या चष्मा माझ्या टेबलावर विसरल्या. सकाळी कोट चढवून कामाला लागलो तेव्हा तो दिसला. चष्म्याशिवाय त्यांना रोप काय नि गवत काय, सारखंच, हे मला ठाऊक. उचलला आणि धावत सुटलो. थेट सोवळ्यात, ओवळा कोट घालून, पंखे सुरू असताना! त्यांनी चष्मा घातला, मला पाहिलं, कोट पाहिला आणि पंखे बंद करायला धावल्या. ताई, त्यांनी जिवापाड जपलेली सगळी रोपं उपटून जाळावी लागली. साहेब माझ्यावर कडाडले ते रास्तच होतं, पण बाई एकेक रोप आपल्या हाताने उपटत राहिल्या. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून ट्रे माळी आणतो. भला माणूस आहे, पण त्याच्यासाठी भांग कोण पाडणार? समोरच्या काचेतून बाईंचा पांढरा कोट हलताना दिसतो. काचेवर वाफ असते, त्यामुळे चेहरा दिसत नाही. त्यांची फार आठवण येते गं. मधे नुसतं अंगण आहे, आणि ते मला ओलांडता येत नाही.

त्यात आता त्यांची लांबच्या केंद्रावर बदली निघाली आहे, बढतीवर. जाणार की नाही ते शनिवारपर्यंत कळवायचंय. बढतीला नको कोण म्हणतं?

आणि काल सकाळी कामाची घंटा होते न होते तोच बाई ओवळ्यात आल्या. हातात ट्रेबिरे काही नाही. मी ओरडलोच, "अहो, आता आज परत जाता येणार नाही तुम्हाला!" "माहीत आहे," म्हणाल्या, आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. दिवसभर आम्ही पानं टाचली. मी कशाबद्दल बोललो असेन? कोळ्यांबद्दल! अंडी कशी घालतात, पिल्लं कशी होतात, वाऱ्यावर कशी जातात. हे सगळं त्यांना माझ्याआधीपासून पाठ आहे, तरी ऐकत होत्या. निघताना दारात जरा थांबल्या. मी म्हणालो, सांभाळून, पायरी ओली आहे. हे म्हणालो मी, ताई! कपाळ माझं!

असो. तर असं काम फार असल्यामुळे येणं होत नाही. भाऊजींना नमस्कार, पोरांना गालगुच्चा.

तुझा धाकटा

ता. क. फोटो सोबत परत करतोय. मुलगा कामात आहे म्हणावं.

आणखी एक ता. क. शनिवारच्या आत येशील का गं? सोवळ्यातल्या बाईंना तूच विचार. माझी जीभ ऐनवेळी कोळ्यांवर जाते. तुझ्या परसात तूर आहे, तेव्हा न्हाऊन, धुतलेली साडी नेसून नीघ. आधी त्यांच्याकडे जा, मग माझ्याकडे. उलटं केलंस तर तुला सोवळ्यात कोणी घेणार नाही.

शेवटचा ता. क. नाही म्हणाल्या, तर माझ्याकडे येऊच नकोस, परस्पर घरी जा. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही की मी समजेन. हो म्हणाल्या, तर तू मागाहून ये, आधी त्यांनाच पाठव. ओवळ्याचं दार उघडं ठेवता येत नाही, पण मी आतून दाराशीच उभा असेन.