गोळीच्या रकान्यातली शून्यं

आबा, माझा गुडघा बदलून दोन महिने होत आले. इथं जालन्यातच ऑपरेशन झालं. त्या दवाखान्यात एक अभ्यास चालू आहे. ऑपरेशननंतर माणूस कसा सावरतो, दुखण्यावरच्या, सवय लागणाऱ्या भारी गोळ्या कशा सुटतात, ते बघतात. मी सही केली. त्यांनी वही दिली, रोज दुखणं दहापैकी किती, गोळ्या किती, ते लिहायचं. मला वाटलं, हे तर मापाड्याच्या लेकीचंच काम. परतूरच्या आडतीवर तुम्ही मापाडी होता आणि शाळा सुटल्यावर शेजारी बसून मी वजनं लिहायची. एकदा काटा हलत असतानाच मी आकडा लिहिला, तर तुम्ही पेन काढून घेतलं. "काटा थांबू दे. घाईनं लिव्हलेला आकडा कुणाच्या तरी घरी तूट घेऊन जातो." आज दुपारपासून ते बोलणं डोक्यातून जात नाही. काठी घेऊन ओट्यापासून दारापर्यंत नुसत्या चकरा मारते आहे.

पोत्यांची थप्पी पायावर कोसळली, तेव्हापासून तुम्ही अफू घ्यायला लागलात. जोंधळ्याएवढी गोळी, दंतमंजनाच्या डबीत. मी मॅट्रिकला होते. एकादशीला मीच तुमच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, देवाची शपथ घातली आणि डबी उकिरड्यात पुरली. तिसऱ्या दिवशी तुम्ही जांभयांवर जांभया देताय, नाक गळतंय, पाय नुसते झाडताय. "पोरी, पाय माझ्या हुकमात राह्यले न्हाईत." मी म्हणाले, "देवापेक्षा गोळी मोठी झाली तुम्हाला." चौथ्या दिवशी माळ देव्हाऱ्यात ठेवून तुम्ही अफू आणायला बाजारात गेलात. त्यानंतर तुम्ही होतात तोवर, पूजा झाली की मी घरात सगळ्यांना तीर्थ द्यायची, पण तुमच्या हातावर कधी दिलं नाही. तुम्ही तळहात पुढं करायचा, आणि मी पुढं गेले की तोच कोरडा हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवायचा.

मला डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितल्या होत्या. मी म्हटलं, सोडायच्याच तर रोज थोड्या थोड्या कशाला? एकादशीला माळ घातली आणि एकदम बंद केल्या. तीन दिवस शून्य लिहिलं, ते खरं होतं. मग जांभया सुरू झाल्या, अंगावर काटा, पाय अंथरुणात ठरेनात. ते पाय मी ओळखले, आबा. चौथ्या दिवशी माळ काढली, गोळी घेतली, आणि वहीत शून्यच लिहिलं. पाचव्या दिवशीही एक गोळी आणि शून्य, आणि पुढचे तीन दिवसही तसंच.

आज त्या अभ्यासातली सिस्टर घरी आली, गोळ्या मोजायला. "मावशी, वहीत शून्य हाय अन् पाकिटात पाच कमी. उंदरानं खाल्ल्या का?"

"सांडल्या असतील."

"सांडू द्या. पण तुमची वही बघून उद्या आम्ही दुसऱ्याला सांगू, एकदम बंद केल्या तरी काही होत न्हाई म्हणून. मंग तो पाय झाडायला लागला की म्हणंल, माझ्यातच खोट हाय."

मी विचारलं, "माणूस पाय झाडतो ते मनाच्या कच्चेपणानं नाही?"

"बिलकुल न्हाई. अंगाला सवय होती, तर अंग भांडणारच. त्याच्यासाठीच तर हळूहळू उतरवायच्या." उद्या वही न्यायला येते म्हणाली, आणि चहा न घेताच गेली.

ती पाचही खोटी शून्यं मी खोडली, शेजारी एक-एक लिहिलं आणि प्रत्येकावर सही केली. सिस्टरला तोंडानंही सांगणार आहे. वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर तुम्हाला हे लिहिलंय, ती पानं मात्र वहीत राहू देता येणार नाहीत, फाडून पोथीत ठेवते. कारण एक गोष्ट लिहायला त्या वहीत रकाना नाही. माळ काढली त्या दिवशीही पूजा झाल्यावर मी पळी उचलली, आणि माझ्याच हातावर तीर्थ घेतलं. हात क्षणभरही थांबला नाही.