उसना आवाज

४ जून

चि. खटपट्यास, अनेक आशीर्वाद वि. वि.

मासिकाच्या मुखपृष्ठावर तुझा फोटो पाहिला. मुक्यांना वाचा देणारा संस्थापक! टाय वाकडा होता, म्हणजे बायको जवळ नसणार. अभिमान वाटला, तेवढं आधी लिहून टाकते. पुढचं कडू आहे.

कोपऱ्यावरच्या शिलाई कारखान्यातल्या बाया काल युनियनची ताई म्हणून माझ्या दारात आल्या होत्या. त्यांना फोनवरून कामावरून काढलंय. त्यांच्यातल्याच माझ्या शेजारणीने फोनवरचं ते बोलणं मला ऐकवलं. अरे, ती मीच होते. धीर देताना घेते तसा श्वास घेऊन, मायेने, मी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगत होते.

बाबांची वाचा गेली तेव्हा तू, आवाज घुमू नये म्हणून, मला कपड्यांच्या कपाटात बसवून वाक्यं वाचून घेतलीस आणि ती बोलक्या यंत्रात भरलीस. त्या यंत्रातून बाबा शेवटपर्यंत माझ्या आवाजात तुझ्यावर डाफरले. त्याच यंत्रावर तुझी कंपनी उभी राहिली. आवाज दिला तो ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी. ज्यांना तोंड दाखवायची लाज वाटते त्यांच्यासाठी नव्हे.

काहीतरी चूक झाली असणार, असं मी बायांना सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस.

तुझी ताई

११ जून

ती. तोफताईस, शि. सा. न. वि. वि.

चूक नाही. कंपनी वाढवायला भागीदार घेतले, त्यांना कारखानेवाल्यांसारखी मोठी गिऱ्हाइकं हवी होती. आम्ही बरेच आवाज लावून पाहिले. वाईट बातमी तुझ्या आवाजात आली की लोक भांडत नाहीत, निमूट ऐकतात. हे तुझं कौतुकच आहे. तो आवाज काढला तर कंपनीत उरतं काय, असं भागीदार विचारतात.

तुला विचारायला हवं होतं. पण तू नाही म्हणाली असतीस.

किती मुकी माणसं त्याच आवाजात बोलतात, तेही आठव. रागाच्या भरात जेवण टाळू नकोस.

तुझाच, खटपट्या

२० जून

चि. संस्थापकास, आशीर्वाद.

काल कारखान्याच्या फाटकापाशी सभा होती. मी बोलायला उभी राहिले. तुझी चाचणी खरी ठरली. पहिल्या वाक्याला सगळे निमूट झाले. दुसऱ्याला बाया डबे उचलून घरी निघाल्या. जन्मभर ज्या आवाजाने माणसं उभी केली, त्यानेच ती पांगवली. मी खाली बसले. मग शेजारीण उठली. तिचा आवाज फाटका, वाक्य धड पुरं होत नाही. पण पाय थांबले.

घरी येऊन बाबांचं जुनं यंत्र लावलं. तू दारात आलास की ते एकच बटण दाबायचे, आठवतं? खटपट्या दमून आलाय, त्याला आधी जेवायला वाढा. तेच वाक्य, माझाच आवाज, तोच श्वास.

मला त्याचाही भरवसा वाटला नाही.

लोभ होता. आवाजाबरोबर तोही तुझ्याकडेच राहू दे.

ताई