उभं राहायला निमित्त

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (मनानंच ठेवलं आहे, कंबर सध्या तेवढी वाकत नाही.) वहिनी बऱ्या आहेत ना? आणि तुम्ही? तुम्ही अगदी ठणठणीत असणं या वेळी फार गरजेचं आहे. का, ते पुढे येईलच.

परवा सकाळी मी ऑफिसात खुर्चीतून उठलो आणि उभा राहिलो. एवढंच केलं. डॉक्टरांनी डावा पाय दाबून बजावलं होतं, की अधूनमधून उठत जा, नाहीतर हा पाय एक दिवस तुम्हाला ओळख देणार नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण अण्णा, आपल्या गावच्या शाळेत ज्याला उत्तर येत नसे त्याला गुरुजी उभा ठेवत, आणि ज्याला येई त्याला "बस" म्हणत. ते "बस" ऐकण्यासाठी मी घसा फोडून पाठांतर केलं, आणि त्याच जोरावर या खुर्चीपर्यंत पोचलो. माणूस अभ्यासाला बसतो, कामाला बसतो. उभा राहतो तो शिक्षेला, रांगेत, नाहीतर निवडणुकीला. आमच्याकडे कोणी नुसता उठला तरी शेजारचा विचारतो, "निघालात?" साहेब काचेआडून बघतात म्हणून आम्ही उठत नाही; आणि आम्ही इतके चिकटून बसलेले दिसतो, की साहेबांनाच उठायची लाज वाटते (हे त्यांनी एकदा मला स्वतः सांगितलं). कोण कोणाला बसवून ठेवतं आहे, देव जाणे.

तर मी उभा राहिलो. हातांचं काय करावं कळेना, म्हणून जोडले. हात जोडले की माझे डोळे आपोआप मिटतात आणि नाम सुरू होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यात एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आणखी दोन-चार, मग सगळी रांगच. डोळे किलकिले करून पाहतो तर अख्खं ऑफिस मान खाली घालून उभं! साहेबसुद्धा केबिनच्या दारात, हात जोडून. सगळ्यांना वाटलं, कोणीतरी वारलं. कोण, हे विचारायचा धीर एकालाही झाला नाही. कोणाचे गुडघे वाजले, कोणाची पाठ कडकडली, आणि मग असा एक लांब सुस्कारा निघाला, की माझ्या अंगावर काटा आला. एवढी शांती मी देवळातल्या चेहऱ्यांवरही पाहिलेली नाही. उठायची ओढ सगळ्यांनाच होती हो! फक्त कोणाच्या तरी मरणाची परवानगी हवी होती.

सगळे बसल्यावर साहेब जवळ आले आणि कुजबुजले, "कोण गेलं हो?" मी तोंडाला आलं ते उत्तर दिलं. तेव्हापासून पायापेक्षा तेच जास्त ठणकतं आहे. काल हिशेबाच्या बाई टेबलाशी रेंगाळल्या. म्हणाल्या, "वाईट झालं, काका. पण पाठ इतकी मोकळी झाली... घरात आणखी कोणी आजारी आहे का हो?"

वहिनींना नमस्कार.

तुमचा धाकटा चुलतभाऊ

ता. क. : साहेबांना मी तुमचं नाव सांगितलं. मनात कायम तुम्हीच असता, त्याचा हा परिणाम. तेव्हा कृपा करून काही दिवस ऑफिसात फोन करू नका. तिथे फोन उचलणाऱ्या बाईंचं काळीज नाजूक आहे.

पुन्हा ता. क. : पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी मी ऑफिसच्या मधोमध उभा राहिलो, डोळे उघडे ठेवले, आणि सांगून टाकलं की अण्णा सुखरूप आहेत, दुखत होता तो माझा पाय. कोणी रागावलं नाही, पण चेहरे असे पडले की तुम्ही जिवंत असल्याचं मलाच वाईट वाटलं. मग साहेब घसा साफ करून म्हणाले, "त्यांच्या दीर्घायुष्यासाठी उभं राहायला काय हरकत आहे?" बोलता बोलता सगळ्या खुर्च्या सरकल्या. रोजचंच ठरलं आहे. आता फोन खुशाल करा. फक्त दुपारच्या चहाच्या अगदी आधी नको. तेव्हा आम्ही सगळे तुमच्यासाठी उभे असतो, फोन कोणी उचलणार नाही.