घराला धर्माची अट नाही

मी, जॉनी फ्रान्सिस मिस्किटा, वय एकोणऐंशी, धंदा सुतारकाम, राहणार मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. तसं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणायचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख पुढे येईल.

१. सन २०११ साली मी केलेलं मृत्युपत्र आजपासून रद्द समजावं. त्यात मी लिहिलं होतं की, वरचा मजला माझी मुलगी यव्होन आणि जावई डेव्हिड यांना मिळेल, "परंतु दोघेही कॅथलिक धर्मात राहतील तरच". ते वाक्य मी रागाने लिहिलं होतं. जावयाचं नावही खरं लिहिलं नव्हतं. त्याचं नाव देवदत्त आहे.

२. माझं राहतं दुमजली घर माझ्या वडिलांनी तळमजल्यापुरतं बांधलं, वरचा मजला मी चढवला. तळमजला, पुढच्या पडवीसह, माझा मुलगा नेव्हिल याला द्यावा. वरचा मजला, जिन्यासह, यव्होन आणि देवदत्त यांना निम्मा-निम्मा द्यावा. कुठल्याही वाटेकऱ्याला धर्माची, चर्चची, लग्नाची किंवा मरणाची कसलीही अट नाही. जिना कोणाचा यावर भांडू नये. वर जाणाऱ्याचा जिना.

३. हे असं का, ते लिहितो. वकीलबाई तेजल म्हणाल्या, "काका, कारण द्यायची गरज नाही." मी म्हटलं, "बाई, मी चुकलो तेव्हा सगळ्या गावासमोर चुकलो. मग कारण काय कानात सांगू?"

यव्होनने १९९४ साली देवदत्तशी लग्न ठरवलं. मुलगा हिंदू, चेंबूरचा, शाळामास्तर, सालस. मी म्हटलं, आधी बाप्तिस्मा, मग मांडव. आमच्या फादरांनी मला समजावलं होतं, "जॉनी, सक्ती नाही, परवानगी काढून लग्न लावता येतं." पण मला गावठाणात नाक वर ठेवायचं होतं. पोराने पोरीसाठी डोकं वाकवलं. आम्ही त्याचा डेव्हिड केला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवरून उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं, आणायला बँड लावून गेलो तेव्हा सगळ्यांत पुढे मीच नाचत होतो. घरी आल्यावर माझी बायको लूर्डस मला म्हणाली, "बाप्तिस्म्याचं पाणी पोराच्या डोक्यावर ओतलंस रे, आत थेंब तरी गेला का?" मी तिला गप्प बसवलं. लूर्डस, तुझं बरोबर होतं. आता तू वर आहेस, तर हे लेखी घे.

२०१० मध्ये देवदत्तची आई वारली. तो एकुलता एक. स्मशानात त्याच्या चुलत भावाने त्याला अडवलं: "तू डेव्हिड झालास ना? मग लांब उभा राहा." अग्नी चुलत भावाने दिला. मी तिथेच होतो. माणूस आईपासून चार हातांवर हात बांधून उभा होता. त्यानंतरच्या रविवारपासून तो चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला आला नाही. आणि मी काय केलं? त्याचं दुःख बघायचं सोडून वर सांगितलेलं मृत्युपत्र केलं.

४. आता माझं डोकं कुठे फिरलं ते सांगतो, कारण नेव्हिल म्हणतो की म्हाताऱ्याला चेंबूरवाल्यांनी फिरवलं. मला एका पुस्तकाने फिरवलं. पार्ल्यातल्या एका वाचनालयात कपाटं दुरुस्त करत होतो, तिथे वाळवीने कडा खाल्लेलं एक इंग्रजी पुस्तक रद्दीत निघालं होतं. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या जुन्या वसाहतींचा इतिहास. मी मराठी चौथी पास. शब्दकोश घेऊन रोज एक पान वाचलं. दीड वर्ष लागलं.

त्यात असं की, इंग्लंडात राजाच्या चर्चने ज्यांना छळलं ते लोक समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सला गेले, आपल्या मनासारखी भक्ती करायला. आणि तिथे पोचल्यावर त्यांनी दुसऱ्यांना छळलं. सासुरवास सोसलेली सून सासू झाली की कशी होते, तसं. क्वेकर पंथाच्या चौघांना तर बॉस्टनमध्ये फाशी दिली. फाशी देणारे ख्रिस्ती, फाशी जाणारेही ख्रिस्ती. मेरीलँड नावाची वसाहत एका कॅथलिक सरदाराची होती. तिथे निरनिराळ्या पंथांना सांभाळून घ्यायचा कायदा झाला हे वाचून मी छाती फुगवली. पुढच्याच पानावर हवा गेली. येशूचं देवपण नाकारणाऱ्याला त्याच कायद्यात मरणाची शिक्षा होती.

पण रॉजर विल्यम्स नावाचा एक पाळक होता. तो म्हणायचा, माणसाने देवाला कसं भजावं यात सरकारने हात घालू नये. त्याला हद्दपार केलं. तो ऐन हिवाळ्यात बर्फातून निघाला, तिथल्या मूळच्या लोकांनी त्याला आसरा दिला, आणि त्यांच्याकडून जमीन घेऊन त्याने नवं गाव वसवलं. तिथे कोणत्याही धर्माच्या माणसाने राहावं. मला आधी वाटलं, हा धर्म सोडलेला माणूस असणार. नाही. देवाचं वेड असलेला कडवा ख्रिस्ती होता. चर्च म्हणजे देवाची बाग, आणि बागेला भिंत हवी, असं त्याचं म्हणणं. भिंत कशाला? बागेत सरकारचे बूट शिरू नयेत म्हणून. सक्तीने गुडघे टेकवले की देवाचा मान वाढत नाही, खोटं बोलणारे वाढतात. हे वाचलं आणि मला गुडघे टेकलेला देवदत्त दिसला.

आमच्यात म्हणतात, कुंपणानेच शेत खाल्लं. मी तेच केलं. चर्चची राखण करायला गेलो आणि एक चांगला माणूस चर्चपासून कायमचा तोडून बसलो.

५. एक चूक कबूल करतो. त्या पुस्तकात लिहिलं होतं की, दहा आज्ञांपैकी पहिल्या चार देवाच्या आणि माणसाच्या मधल्या, त्यांत हाकिमाने पडू नये. मी आमच्या मोजणीने मोजलं. आमची चौथी आज्ञा: आईबापाला मान दे. मी महिनाभर चक्रावलो की हा पाळक आईबापाला देवात कसा धरतो. इथे नेव्हिलने आयतं पकडलं. म्हणाला, "बघा पपा, चौथी आज्ञा. देवदत्तने तुमचा मान ठेवला का?" मग फादरांनी सांगितलं की त्या लोकांची मोजणी वेगळी. मूर्तीची आज्ञा ते वेगळी धरतात, म्हणून त्यांच्यात आईबाप पाचवे. म्हणजे ते माणसामाणसांमधल्या आज्ञांच्या पाटीवर आले. मी नेव्हिलला म्हटलं, "आमच्या मोजणीने घे नाहीतर त्यांच्या. देवदत्तलाही आई होती ना रे. तिचा मान कुणी मोडला? मी." त्यावर तो उठून गेला. पण जेवायला परत आला, पोर वाईट नाही.

६. माझी हत्यारं, म्हणजे करवती, पटाशा, गिरमिटं आणि वाकस, माझा पुतण्या डेरिक याला द्यावीत. मोठा रंधा देऊ नये. तो त्याने एकदा उसना नेला आणि पातं खिळ्यावर घालून आणला, आणि मला म्हणाला, "आधीच असं होतं, काका." रंधा यव्होनला. ती वापरणार नाही, पण निदान खोटं बोलणार नाही.

७. बँकेतली ठेव दोन्ही मुलांत सारखी वाटावी. ते पुस्तक आणि शब्दकोश नेव्हिलला द्यावेत. त्याने वाचावं. न वाचलं तरी तळमजला त्याचाच.

८. मला लूर्डसच्या शेजारी पुरावं. पेटी साध्या लाकडाची. देवदत्त आला तर त्याला खांदा द्यावासा वाटल्यास द्यावा, न वाटल्यास देऊ नये. क्रूसाची खूण करायला, गुडघे टेकायला किंवा डेव्हिड म्हणून ओ द्यायला त्याला कुणी सांगू नये. जो सांगेल त्याने माझ्या पेटीपासून लांब उभं राहावं.

९. हे कलम आज सकाळी वाढवलं. नेव्हिल कच्चा मसुदा वाचून म्हणाला, "पपा, एवढं तरी लिहा की ती दोघं तुमच्या मयताच्या मिस्सेला येतील."

"नाही."

"अट नको. विनंती म्हणून लिहा."

"घर देणाऱ्या कागदावर लिहिलेली विनंती म्हणजे अटच, बाबा. विनंती तोंडाने करायची असते."

"मग करा ना. एकतीस वर्षं झाली."

तेवढं त्याचं खरं होतं. मी त्याच्यासमोरच चेंबूरला फोन लावला. देवदत्तनेच उचलला. मी म्हटलं, "देवदत्त, जॉनी बोलतोय." या नावाने त्याला मी लग्नानंतर पहिल्यांदा हाक मारली. मी झालं ते सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि म्हटलं, "रविवारी जेवायला ये. चर्चला नाही, घरी."

तो म्हणाला, "पपा, मला थोडा वेळ द्या."

"घे," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

नेव्हिल म्हणाला, "मग सही रविवारनंतर करू या. येतो का बघू."

तो येईल की नाही मला ठाऊक नाही. आज शुक्रवार आहे. मी आज सही करत आहे.

ठिकाण: मरोळ गावठाण, अंधेरी पूर्व, मुंबई
दिनांक: ७ मार्च २०२५

सही: जॉनी फ्रान्सिस मिस्किटा

वरील सही जॉनी मिस्किटा यांनी आम्हा दोघांच्या देखत केली आणि आम्ही त्यांच्या देखत खाली सह्या केल्या. या मृत्युपत्रातलं आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: अनंत सावे, शेजारी (सही)
साक्षीदार २: किम्बर्ली परेरा, शेजारी (सही)