डाव्या हाताएवढा

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत. आईचा खोकला थांबलाय. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत, तरी बडबड काही कमी नाही.

हात कसा आहे म्हणून विचारलं होतंस. उत्तम आहे. रविवारी त्याच हाताने लेकीची वेणी घातली. जरा वाकडी झाली, पण तिने ती दिवसभर कुणाला सोडू दिली नाही. बायको आत जाऊन उगाच भांडी घासत बसली. कटिंग मशीनने उजवा हात मनगटापासून नेला, तेव्हा बाइंडिंगचं काम संपलं असंच मी धरून चाललो होतो. दोन वर्षं तुझ्या कार्यशाळेत खपून तू हा यांत्रिक हात घडवलास आणि मला पुन्हा टेबलाशी उभं केलंस. ते मी विसरलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला मी विसरलो असंच वाटेल.

हाताचा वेग तू वाढवून दिला होतास ना, कौतुकाने? "माझ्या भावाचा हात चारचौघांपेक्षा सरस हवा," म्हणाली होतीस. होताच. छापील कागदांच्या घड्या मी एकटा तिघांएवढ्या घालायला लागलो. मालक खूश, आणि मीही खूश, खोटं कशाला बोलू! मग मालकांनी माझा आकडा फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांना बजावलं, "एवढं प्रत्येकाचं व्हायला पाहिजे."

शेजारच्या टेबलावर शिलाई करणाऱ्या वहिनी तुला आठवत असतील. अपघाताच्या दिवशी त्यांनीच माझ्या मनगटाला फडकं आवळून धरलं होतं. गेल्या आठवड्यात डबा खाताना त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या ताईंना विचाराल का? चांगला हात काढून असा बसवतात का?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

ताई, मी डबा बंद केला. तसाच उठून, हात बसवला होता त्या दवाखान्यात गेलो आणि तिथल्या तंत्रज्ञाला वेग कमी करायला लावला. माझ्या डाव्या हाताएवढा. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू समजूत घातली असतीस, आणि मी ऐकलं असतं.

मालक दोन दिवस धुमसत होते. "एवढी चांगली वस्तू मुद्दाम बिघडवलीस?"

"बिघडवली नाही, माणसात आणली," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळेच काम थांबवून उभे राहिलो, तेव्हा कुठे त्यांनी फळा पुसला.

तुझी मेहनत मी मातीत घातली असं समजू नकोस. ज्याला अशी ताकद हवी आहे त्याला जरूर दे. फक्त त्याच्या शेजारी कोण बसतं, तेही एकदा विचारत जा. रागावली असशील तर फोन करून चांगलं झाप, पण अबोला धरू नकोस.

खाली 'तुझा ऋणी' लिहिलं होतं, ते खोडलंय. तू चिडली असतीस. अक्षर तेवढं बघ. शाळेत होतं तितकंच वाईट आहे, आणि उजव्या हाताचं आहे.

तुझा धाकटा